स्टेजच्या बाहेरचं गाव

ऑक्टोबर लागला की माझ्या माहेरी, नेऱ्याच्या शेतांमध्ये, संगणकाच्या जुन्या सीड्या लटकतात. भात निसवून पिवळं व्हायला लागलं की माझी वहिनी बांधाच्या कडेनं काठ्या रोवते, काठीला सुतळी बांधते आणि सुतळीला सीडी. वारा सुटला की सीडी स्वतःभोवती गरगर फिरते आणि उन्हाचा कवडसा सगळ्या शिवारावरून धावून जातो. पाखरं घाबरतात, असं वहिनी म्हणते. यंदाही मी पनवेलहून स्कूटरनं गेले, बांधावर पाय ठेवला आणि तो कवडसा डोळ्यांवरून गेल्याबरोबर जागच्या जागी थबकले. पाखरांचं मला माहीत नाही, मी मात्र दर वर्षी दचकते. वहिनीला ते ठाऊक असल्यामुळे ती तेवढा वेळ दुसरीकडे बघते.

खरं तर हा माझा लाडका हंगाम. माहेरी यायचं, पिकल्या भाताचा तो किंचित गोडसर, किंचित धुळकट वास छातीत भरून घ्यायचा, लोंबी हातावर चोळून दाणा दातानं फोडून बघायचा. ऊन असं कडक की पाठ भाजून निघते, आणि तरी सावलीत गेलं की गार वाटतं. आता डोक्यावरून विमानं जायला लागली आहेत, तेवढा फरक. विमान गेलं की वहिनी वर बघत नाही, मी बघते. बघते आणि त्या एका ऑक्टोबरात जाऊन पडते.

त्या वर्षी करोनामुळे शाळा बंद होत्या. मुलं घरात, आणि घरात एकच मोबाईल असेल तर तो त्यांच्या हातात. मी पनवेलच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून, सतरा-अठरा वर्षांपूर्वी आम्हीच केलेले शाळेचे पाठ मोबाईलवर चालतील असे करून देत होते. ऐकायला हे काम जेवढं किरकोळ वाटतं, तेवढंच मलाही वाटत होतं. जुने पडदे नव्या खिडकीच्या मापाचे करून द्यावेत, तसं.

ते पाठ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले होते. एके काळी इंटरनेटवर जे जे हलायचं, नाचायचं, उड्या मारायचं ते बहुतेक सगळं फ्लॅशमध्ये असायचं. पुढे स्मार्टफोन आले, त्यातल्या बहुतेकांचं फ्लॅशशी जमलं नाही. मग ब्राउझरही कंटाळले आणि त्या वर्षअखेरीपासून फ्लॅश कायमचं बंद, असं जाहीर झालं. पाठ करून घेणाऱ्या संस्थेनं मला पत्र पाठवलं की हे सगळं नव्या तंत्रात आणून द्या. मी जुना पाठ नव्या ब्राउझरमध्ये उघडून बघितला आणि हबकलेच. नदी नाही, ढग नाही, शेत नाही. पांढऱ्या पानाच्या मधोमध एक राखाडी चौकोन. तीन वर्षं जीव ओतून केलेलं सगळं त्या चौकोनाच्या मागे अडकलं होतं. मी उगाच त्याच्यावर दोनतीनदा क्लिक केलं, बंद दुकानाचं शटर वाजवावं तसं.

त्या तीन वर्षांत आमचं ऑफिस टपाल नाक्याच्या बाजूला, कापडाच्या एका दुकानावर होतं. जिना इतका अरुंद की समोरून कोणी उतरत असेल तर आपण परत खाली जायचं. वर दोन खोल्या, चार संगणक, एक साहेब, मी आणि म्हात्रे काका. मी तेव्हा बावीस-तेवीसची, नुकताच ॲनिमेशनचा कोर्स केलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशा थाटात वावरणारी. काका पंचेचाळीसच्या पुढचे. जन्मभर त्यांनी होड्यांवर नावं रंगवली, देवळांच्या भिंतींवर देव रंगवले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश वाळून गेला. तेव्हा हा माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर जिना चढून आमच्याकडे आला आणि माऊस हातात धरून बसला. पहिले काही दिवस तो ब्रशसारखा उभा धरायचा प्रयत्न करायचे. महिन्याभरात मात्र त्यांची रेघ अशी काही चालायला लागली की माझा कोर्स मला पाण्यात गेल्यासारखा वाटला.

पाठांमधली माणसं मी हलवायची, मागचं चित्र काका काढायचे. आणि काका प्रत्येक पाठात एकच गाव काढायचे. पाठ पाण्याच्या चक्राचा असो, भाताच्या लावणीचा असो, दिशा ओळखण्याचा असो, मागे तीच कौलारू घरांची ओळ, तोच बांध, तेच मिठागरातले पांढरे ढिगारे, खाडीतल्या तिवरांची हिरवी रांग आणि पाठीमागे एक टेकडी. मी वैतागायचे. म्हटलं, काका, आता दुसरं गाव काढा की, मुलं कंटाळतील.

ते म्हणाले, "दुसरं गाव मला येत नाय, बाय."

आम्ही खूप हसलो होतो. साहेबांनी तर ते वाक्य पाठच करून ठेवलं होतं, नवा पाहुणा आला की ऐकवायचे. काकाही हसायचे. मला वाटायचं, आळस. एकदा बसवलेलं चित्र थोडंफार फिरवून वापरायचं, सगळेच चित्रकार करतात. ते गाव खरं आहे का, असलं तर कुठे, हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पनवेलपासून एवढ्याशा अंतरावर ते होतं. मी नोकरी करत असताना, माझं लग्न होत असताना, माझी मुलगी मोठी होत असताना ते तिथे होतं, आणि मी एकदाही त्या गावात गेले नाही.

इथे स्टेज म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापाशीच येतं. फ्लॅशमध्ये काम करताना पडद्याच्या मधोमध एक पांढरा आयत असे. त्याला स्टेज म्हणायचं. त्याच्या आत जे असेल ते मुलांना दिसणार. सभोवती करडी मोकळी जागा. तिथे ठेवलेलं फक्त काम करणाऱ्याला दिसतं. शेतकरी डावीकडून चालत येणार असेल तर सुरुवातीला तो त्या करड्या जागेत उभा असतो, नाटकातला नट विंगेत उभा असतो तसा. तेवढ्यापुरती ती जागा. काका मात्र तिथे चित्र चालूच ठेवायचे. स्टेजच्या कडेला घर अर्धं कापलं गेलं तर बाहेर त्याचं उरलेलं अर्धं, मग पुढचं घर, त्याच्या पुढचं, अंगणातली विहीर, चिंच, आणि पुन्हा घरं. दोन्ही बाजूंना लांबच लांब. त्यानं फाईल जड व्हायची, आणि त्या काळी इंटरनेट असं होतं की पाठ उघडेपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. मी भांडायचे. जे कोणाला दिसणारच नाही ते काढता कशाला?

काकांचं उत्तर ठरलेलं. "ह्यो मानूस आत येतो त्यो येतो कुटून? त्याला घर नको काय?"

मग माझ्या समाधानासाठी एखादा माड पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो परत उगवलेला असायचा. दुपारी त्यांच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास खोलीभर पसरला की भांडण आपोआप मिटायचं, कारण तांदळाच्या भाकरीचा चौथा हिस्सा माझा असायचा.

तर त्या ऑक्टोबरात हे गाव पुन्हा माझ्यापुढे आलं, एकूण नऊ पाठांत. मूळ फाईली सीड्यांवर होत्या, दोन खोकी भरून, माझ्याच माळ्यावर. पनवेलच्या दमट हवेनं काहींवर बुरशीची नक्षी उठली होती. वाचवता आल्या तेवढ्या मी संगणकावर उतरवल्या, आणि मला घरात अडगळ चालत नसल्यामुळे दोन्ही खोकी त्याच रविवारी नेऱ्याला नेऊन वहिनीला दिली. तिला पाखरांसाठी हव्याच होत्या. माझा नवरा म्हणतो की आमच्या घरात चहा संपायच्या आत कप विसळलेला असतो. खोटं नाही ते.

काम गमतीचं होतं, हे कबूल करायला हवं. जुने पाठ सेकंदाला बारा चित्रांच्या चालीनं चालायचे, नवी चाल दुप्पट. पहिल्यांदा भाताच्या लावणीचा पाठ नव्या तंत्रात चालवला तेव्हा चिखलातल्या बाया इतक्या धांदलीत रोपं खोचत सुटल्या की आपण ओरडून त्यांना थांबवावं असं वाटलं. ढग सुसाट, पाऊस येतोय न येतोय तोच नदी समुद्रात. मी त्यांना परत हळू केलं. मग आवाज. पूर्वी पाठ उघडला की बोलायला लागायचा. आता ब्राउझरला ते चालत नाही, कोणीतरी बटण दाबेपर्यंत पाठानं गप्प बसायचं. आणि माशाच्या अवयवांचा पाठ तर सगळाच अडला. त्यात माऊसचा बाण नुसता माशावरून नेला की कल्ले, पर, शेपटी एकेक उजळायचं. बोटाला असं वरवरून फिरणं जमत नाही. बोट एक तर टेकतं, नाही तर टेकत नाही. हे मला तेव्हा फक्त कामातली अडचण वाटलं होतं.

आणि सगळ्यात आधी, कुठलाही पाठ उघडला की माझं पहिलं काम ठरलेलं. सगळे थर मोकळे करायचे, स्टेजच्या बाहेर जे जे असेल त्याच्याभोवती चौकट ओढायची आणि डिलीट. कारणं अगदी रास्त होती. मोबाईलचे पडदे हर तऱ्हेच्या मापाचे, कुठे तरी बाहेरचं अर्धं झाड कडेनं डोकावणार. शिवाय वजन. गावाकडच्या मुलांच्या फोनवर पाठ पटकन उघडायला हवा. डावीकडची घरं गेली, उजवीकडची गेली, विहीर गेली, चिंच गेली, आणि फाईल निम्म्याहून हलकी. सेव्ह. पुढचा पाठ. मला आठवतं, प्रत्येक वेळी मला हलकंसं बरं वाटायचं. पोरवयात काकांशी भांडून जे करता आलं नव्हतं ते आता कोणी अडवायला नव्हतं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पाठ पाठवून दिले, मुलांच्या फोनवर पोचले. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट, सकाळी अकराची वेळ असेल. मी भाजी फोडणीला टाकली होती आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून आवाज आला, "सुजाता बाय काय? वलखलंस?"

पंधरा-सोळा वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. आणि काका इतके आनंदात होते की त्यांना माझं बरं-वाईट विचारायचीही फुरसत नव्हती. त्यांची नात चौथीत. तिच्या शाळेनं फोनवर पाण्याच्या चक्राचा पाठ पाठवलेला. तिनं तो लावला, आणि काका जेवत होते ते ताट सोडून उठले. त्यांनी हाका मारून काकींना बोलावलं, शेजाऱ्यांना बोलावलं. सगळ्यांनी बघितलं. पाठ सतरा वेळा लावला, फोनची बॅटरी संपली.

"आमचं गाव हाय त्यात," ते म्हणाले. "आमचं. जसंच्या तसं."

मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. हळूहळू त्यांच्या बोलण्यातून मला उलगडत गेलं. ते गाव आता नाही. विमानतळासाठी जी गावं उठली त्यातलं ते एक. आधी सरकारचा कागद आला, मग घरं पाडली, आणि ती टेकडी, जी मला इतकी वर्षं काकांच्या डोक्यातली वाटायची, ती सुरुंग लावून सपाट केली. आम्ही उलवा रोडनं जाताना ज्या मैदानाकडे बघून केवढी मोठी जागा, असं म्हणायचो, त्या मैदानावर काकांची टेकडी होती. मी ती नऊ पाठांत बघितली होती. तिच्यावरून ढग सरकवले होते. ती खरी असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं, आणि ती खरी आहे हे मला कळलं ते ती नाहीशी झाल्यावर, फोनवर, हातात झारा घेऊन.

पण काकांनी फोन त्यासाठी केला नव्हता. त्यांचं काम होतं. नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून दारावर ‘नवं’ बांधतात, ते सगळीकडेच आहे. आमच्या नेऱ्यात ज्याचं तो आपल्या दारावर बांधतो. काकांच्या गावची रीत निराळी. तिथे आपल्या दारावर आपण बांधायचं नाही. अलीकडच्या शेजाऱ्यानं येऊन आपल्या दारावर बांधायचं, आणि आपण पलीकडच्याच्या. असं दारोदार नवं फिरत गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायचं, आणि शेवटच्या घरचा माणूस चालत येऊन पहिल्या दारावर बांधायचा. नव्या ठिकाणी प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले. शेजारी कुठल्या कुठे गेले. तरी म्हाताऱ्यांनी ठरवलं की नवं जुन्या ओळीनंच बांधायचं, मग चार बिल्डिंगी चालावं लागलं तरी बेहत्तर. पण ओळ कोणालाच धड आठवेना. दोन म्हातारे दोन ओळी सांगत. मधल्या तीन-चार घरांवरून आदल्या वर्षी एवढं वाजलं की नवं कोणी बांधलंच नाही. लोकांकडे फोटो होते, लग्नातले, बारशातले. फोटोत माणसं होती. घरांच्या ओळीचा फोटो कोण कशाला काढून ठेवेल?

आणि आता काकांना त्यांच्याच हातची ओळ सापडली होती. "मी दार ना दार काडलंय," ते म्हणाले. "पर ह्यो मोबाईल बारका, मधलीच चार घरं दिसतात. कडेचं दिसत नाय. तेवडं मोटं करून दे. पुनवेला घेऊन ये, सगल्यांना दावतो."

मी म्हटलं, हो काका, आणते. अगदी सहज म्हटलं. त्यांनी तुमच्या नेऱ्याच्या लोंब्याही आण, असं सांगितलं, कारण त्यांच्याकडे आता शेत राहिलं नव्हतं. त्यालाही मी हो म्हटलं. फोन ठेवला, गॅस पुन्हा लावला, भाजी हलवली. आणि मग झारा हातात असतानाच मला आठवलं मी काय केलं आहे ते.

गॅस पुन्हा बंद करून मी संगणक उघडला. पाण्याचं चक्र उघडलं. मधे स्टेज, आत चार घरं, आणि दोन्ही बाजूंना नुसती करडी जागा. दुसरा पाठ, तेच. तिसरा. नवव्यापर्यंत मी कशाची वाट बघत होते कोण जाणे. प्रत्येक फाईल मी तिच्याच जागी, तिच्याच नावानं सेव्ह केली होती. एकही जुनी प्रत ठेवली नव्हती, कारण दोन-दोन प्रती म्हणजे पसारा. संस्थेला विचारलं, तर नवे पाठ पोचताच त्यांनी जुने काढून टाकलेले. मी वाईट माणूस नाही, मी तोडफोड केली नव्हती, मी फक्त आवरलं होतं. पण पडद्यावर जे दिसत होतं ते सपाट मैदान होतं आणि ते मीच केलेलं होतं.

मग सीड्या आठवल्या. मी स्कूटर काढली ती थेट नेऱ्याला. वहिनी बांधावर बसून विळ्यांना धार लावत होती, कापणी दोन दिवसांवर आलेली. मी तिला काही सांगितलं नाही, चपला काढून शेताच्या कडेनं धावत सुटले आणि काठ्यांवरच्या सीड्या सोडायला लागले. सुतळीच्या गाठी सुटेनात म्हणून दातांनी तोडल्या. शेजारच्या शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली. वहिनी मागोमाग आली. तिला वाटलं घरात काही बरंवाईट झालं. मी धापा टाकत सांगितलं ते तिला अर्धंमुर्धं कळलं असेल, पण तिनंही पदर खोचला आणि पलीकडच्या बांधावरच्या सोडायला घेतल्या. आम्ही तिथे असतानाच पोपटांचा थवा उतरला आणि त्यानं सरळ लोंब्यांना तोंड घातलं. वहिनी नुसतं एकदा वळून बघून पुन्हा गाठी सोडायला लागली. तिचं ते मी विसरणार नाही.

दोन-तीन आठवडे उन्हात आणि दवात लटकलेल्या सीड्या. काहींचा चंदेरी पापुद्रा पोपडे धरून निघाला होता, त्यातून आरपार आकाश दिसत होतं. घरी येऊन एकेक करून ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरायचा, अडखळायचा आणि ट्रे बाहेर ढकलायचा. पुढची. सीड्यांवरची धूळ, पक्ष्यांची शीट मी ओल्या फडक्यानं पुसत होते. चार दिवस माझं हेच चाललं. शेवटी एक सीडी लागली. तिच्यावरचा एकच पाठ उघडला, मीठ कसं तयार होतं तो. मी स्टेजच्या बाहेर बघितलं. उजवीकडे मिठागर आणि तिवरं. डावीकडे घरं. मोजली. गावाच्या मिठागराकडच्या टोकाची, आतली आणि बाहेरची मिळून सात दारं, पुढे चित्र संपलेलं. प्रत्येक दार वेगळं होतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. एकाला हिरवा रंग, एकाची कडी मोडलेली, एकाच्या ओट्यावर वाळत घातलेलं जाळं. मी ज्याला चित्रकाराचा आळस समजत होते त्यात एकही दार दुसऱ्यावरून उतरवलेलं नव्हतं.

गाव सव्वीस दारांचं होतं, हे काका फोनवर सांगून बसले होते.

पुनवेच्या दुपारी मी उलव्याला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांधकामं, हिरव्या जाळ्या, सिमेंटची धूळ, क्रेन. काकांच्या बिल्डिंगीच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पंधरा-वीस माणसं, बहुतेक म्हातारी, मास्क हनुवटीवर ओढलेले. काका वाळले होते, केस पांढरे झाले होते. त्यांनी आधी माझ्या हातातल्या लोंब्या घेतल्या, नाकाला लावल्या आणि काकींकडे दिल्या. मग खुर्ची ओढली, नि म्हणाले, दाव.

मी लॅपटॉप आणला होता, पण त्यांना हातात धरून बघायचं होतं. म्हणून मी तो पाठ माझ्या मोबाईलवर, बोटानं सरकवता येईल असा करून आणला होता. काकांनी तो दोन्ही हातांत धरला. सगळे त्यांच्या खुर्चीमागे गोळा झाले. मिठागर आलं, मग पहिलं दार. कोणीतरी नाव घेतलं. दुसरं दार, दुसरं नाव. एक म्हातारी वाकून म्हणाली, ह्यो आमचा वटा, आणि तिनं पडद्यावर बोट टेकवलं तसं चित्र थोडं हललं, तर घाबरून बोट मागे घेतलं. ज्या दोन माणसांचं आदल्या वर्षी वाजलं होतं ती एकमेकांना खेटून उभी होती. तिसरं, चौथं, पाचवं. जाळं वाळत घातलेला ओटा दिसला तेव्हा कोणीच नाव घेतलं नाही, त्या घरातलं आता कोणी उरलं नव्हतं. मी मागे उभी राहून मोजत होते. प्रत्येक दाराला मला आनंद होत होता आणि प्रत्येक दारागणिक सातवं जवळ येत होतं.

सात झाली. काकांनी मान न वळवता सगळ्यांना सांगितलं की आता आमचं येनार. आणि अंगठ्यानं चित्र पुढे सारलं. ते सरकलं नाही. त्यांनी पुन्हा सारलं. कडेच्या करड्या पट्टीवर अंगठा घसरत होता. मागून कोणी म्हणालं, नेट गेलं असंल. काकांनी अंगठा लेंग्याला पुसला, फुंकर मारून पडदा साफ केला आणि परत सारलं, हलक्या हातानं, रंग ओला असताना ब्रश फिरवावा तसं.

मी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. फाईलचं वजन, फोनचे पडदे, नवं तंत्र, वर्षअखेर. त्यातलं एक अक्षर मला आठवेना. मी म्हटलं, "काका, पुढे काही नाही. होतं. बाकीच्या पाठांत होतं. मी पुसून टाकलं."

त्यांना ते लगेच कळलं नाही. मग कळलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, मी पहिल्यांदाच भेटत असल्यासारखे.

"तुला कुनी सांगलेलं काय, पुस म्हनून?"

मी संस्थेचं पत्र मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलं. पाठ मोबाईलवर चालावेत. अक्षरं मोठी असावीत. आवाजाला बटण असावं. बाहेरचं काढा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"नाही काका. कोणीच नाही."

काकांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"आमाला निदान कागद तरी आलता."